गप्प झालेला ब्रेक

बसवराजच्या स्मृतिदिनाचा आदला दिवस होता. दरवर्षी या दिवशी मी हदगावला आमच्या अंगणात गाडी धुतो, हवा-पाणी तपासतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जळकोटला निघतो. तिथे बसवराजची आई राहते. तिला घरून घ्यायचं, गावच्या शाळेसमोरच्या त्याच्या स्मारकाशी न्यायचं, परत सोडायचं. निवृत्तीनंतर माझ्याकडे उरलेली ड्युटी ही एवढीच.

त्या महिन्यात गाडीचे मागचे ब्रेक किंचाळत होते. पाय ठेवला की कुत्र्याच्या शेपटीवर चाक गेल्यासारखा आवाज. जन्म गेला फौजेत गाड्या चालवण्यात आणि दुरुस्त करण्यात, तरी मी रोज उद्यावर ढकलत होतो. लोकांना तो आळस वाटायचा. खरं कारण असं की तो आवाज आला की माझे हात स्टिअरिंगवर आवळायचे आणि मन थेट त्या घाटात जायचं.

आमचं अंगण फाटकाकडे उतरतं. सकाळी बाहेरून आलो, चढावर ब्रेक दाबला. आवाज आला नाही. पुन्हा दाबला. तरी नाही. दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. मी मात्र गाडी पुढे नेली नाही.

हँडब्रेक ओढला, इंजिन चालूच ठेवलं आणि मागच्या चाकापाशी उतरलो. उतारावर थांबलं की चाकामागे दगड लावायचा, ही माझी सवय. दगड उचलला तोच टायरखाली खडी चुरचुरली. गाडी मागे सरकत होती. फाटकाजवळच्या नळावर माझी बायको संगीता पाठमोरी बादली भरत होती.

"संगीता, बाजूला हो!"

दगड चाकामागे सारला. चाक त्यावर थोडं चढलं आणि थांबलं. संगीता भिंतीला चिकटून उभी होती. बादली आडवी, पाणी पायाखालून वाहतंय.

चाकाच्या आतल्या बाजूने तेलाचा ओघळ आला होता. मी काही विचारण्याआधी तीच बोलली.

"मीच टाकलं. शिलाई मशीनचं तेल. मशीन करकर करून राहिली की दोन थेंब टाकते, तसंच. कुपीची लांब चोच घातली चाकाच्या फटीतून. तो आवाज आला की तुमचा चेहरा पांढरा पडतो. मला बघवत न्हाई."

करायला गेली एक आणि झालं भलतंच. पण माझ्यासाठी आजवर कोणी इतक्या मायेने गाडी बिघडवली नव्हती.

आता ती घाटातली दुपार सांगतो. उत्तरेकडच्या एका खिंडीतून आमचा कॉन्व्हॉय, फौजी गाड्यांचा ताफा, खाली उतरत होता. रस्त्यावर बर्फाचा पातळ थर. पुढच्या ट्रकमध्ये को-ड्रायव्हर होता नाईक बसवराज. मागच्या ट्रकच्या स्टिअरिंगवर मी, आणि माझ्या मागे बसलेले जवान. बसवराजच्या ट्रकचे ब्रेक पूर्ण उतारभर ओरडत होते. मग एक छोटा चढ लागला. पुढे दरड आली होती. रेडिओवर सुभेदारसाहेबांचा आवाज आला.

"ऑल व्हेइकल्स, हॉल्ट. जागेवर थांबा. ओव्हर."

सगळे थांबले. पुढच्या ट्रकचं ओरडणंही थांबलं. मग त्या शांततेत खडी चुरचुरली. ट्रक मागे, आमच्या अंगावर येत होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, माझ्या मागे तिसरी गाडी. मी हॉर्न दाबून धरला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

बसवराजने लाकडी ठोकळे घेऊन उडी मारली. पहिला ठोकळा चाकाने उडवला. दुसरा त्याने गुडघ्यावर बसून, दोन्ही हातांनी दाबून लावला. ट्रक अडला. तो माझ्याकडे बघून ओरडला, "धरलं, गौतम! धरलं!"

ठोकळ्याने धरलं होतं. पण बर्फावर ट्रकचा मागचा भाग कड्याच्या बाजूला घसरला. ट्रक आणि कडा यांच्या मध्ये बसवराज होता. ट्रक माझ्या बॉनेटपुढे हातभर अंतरावर थांबला. माझे सगळे जवान घरी गेले. बसवराज तिरंग्यात गेला.

नंतर कळलं, चाकातलं तेल अडवणारं ऑइल सील फुटून ब्रेकची घासणारी पट्टी, म्हणजे लायनिंग, तेलाने भिजली होती. भिजलेली लायनिंग ओरडत नाही, आणि धरतही नाही.

म्हणून सांगतो, ब्रेक ओरडला तर त्याचं तोंड बंद करू नका, त्याचं ऐका. मी पुढच्या चाकांना दगड लावले, मागची बाजू जॅकवर घेतली, ड्रम काढले. तेल प्यायलेले ब्रेक शू फेकले आणि बाजारातून दोन्ही चाकांचे नवे आणले. ड्रम धुऊन कोरडे केले. ड्रममागच्या प्लेटवर शू जिथे घासतो तिथली जागा कोरडी ठणठणीत होती, मूळ ओरडणं तिथलंच. तिथे बोटभर ग्रीस, लायनिंगला थेंबही नाही. हँडब्रेक ओढून बघितला. उतारावर गाडी हलली नाही.

आमच्या वर्कशॉपचा नियम होता, ज्याने ब्रेकला हात लावला त्याने पहिल्या फेरीला गाडीत बसायचं. मी किल्ली घेतली तर संगीता आधीच शेजारच्या सीटवर.

"तू कशाला?"

"हात मी बी लावला होता की."

फेरी झाली. ब्रेक लागले, आवाज नव्हता. तरी प्रत्येक वळणावर मी दोनदा दाबून बघितले. ही शांतता मला आता कधीच पुरती खरी वाटणार नाही.

दुसऱ्या दिवशी नांदेड, मुखेड करत जळकोटला पोचलो. बसवराजची आई दारात काठी टेकून उभी होती; मीही तिला त्याच्यासारखं अव्वाच म्हणतो. गाडीत बसली, वाटेत म्हणाली, "आज गाडी लई गप हाय."

"ब्रेक नवे टाकले, अव्वा."

"दाबून बघितलं न्हवं?"

"बघितलं."

शाळेसमोर गाडी उभी केली. तिथली जमीन तळहातासारखी सपाट. अव्वा उतरली, काठी बाजूला ठेवली, रस्त्याकडेचा एक दगड उचलला. तो मागच्या चाकाखाली ठेवायला ती गुडघ्यावर बसली. तिच्या मुलाचा शेवटचा शब्द मी तिला सांगितला, त्या वर्षापासून ती हे करते. मी तिला अडवत नाही. आधी दगड, मग हार.

दोन्ही हातांनी तिने दगड दाबला आणि माझ्याकडे मान वळवली.

"धरलं का रे?"

"धरलं, अव्वा," मी म्हणालो. "धरलं."