वाणात आलेला स्विचचा बोर्ड

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून कुणी स्विचचा बोर्ड देतं का? आमच्या धाकट्या जाऊबाईंनी दिला. सोसायटीतल्या झाडून सगळ्या बायकांना एकेक पांढरा एक्स्टेन्शन बोर्ड. त्याला तीन पिना बसतात आणि एक बटण असतं. बटण चालू असलं की त्यात लाल दिवा लागतो. टीव्ही, सेटटॉप बॉक्स, मायक्रोवेव्ह यांच्या पिना त्यात खोचायच्या आणि वापर संपला की एका बटणात सगळं बंद. रिमोटनं बंद केलेला टीव्ही झोपलेला नसतो, नुसता डोळे मिटून पडलेला असतो आणि वीज खात राहतो, असं तिनं कुंकू लावता लावता प्रत्येकीला समजावलं.

दुसऱ्या दिवशी माझं हळदीकुंकू होतं. मी सुंदर कापडी पिशव्या शिवल्या होत्या, आतून अस्तर लावून. बायका आल्या, पिशव्या घेतल्या आणि बोलत बसल्या बोर्डाबद्दल. समोरची गुजराती शेजारीण तर मला म्हणाली, "बेन, तमारी देराणी बहु होशियार छे." देराणी म्हणजे धाकटी जाऊ. मी हसले आणि तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. दुसरं काय करणार?

बडोद्याच्या तरसाली भागात आमची दोन टेनामेंटं, म्हणजे बैठी जोडघरं, एका भिंतीला टेकून आहेत. एकात आम्ही, दुसऱ्यात दीर आणि ती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. मी सातवीनंतर हाताला लागेल ते वाचत गेले, त्यामुळे माझ्याजवळ ज्ञान पुष्कळ आहे पण त्याला सर्टिफिकेट नाही. याचं मला कधी काही वाटलं नाही. सून घरात आली आणि वाटायला लागलं. सून मला एकच. ती माझ्या हाताखाली तयार व्हावी, अडलं की माझ्याकडे वळावी, एवढीच माझी हौस. ती संध्याकाळी ऑफिसातून यायची, चहा प्यायची आणि "काकूंकडे जाऊन येते हं, आई" म्हणून भिंतीपलीकडे. काय बोलत असतील एवढं? मी मधल्या भिंतीजवळ बसून लसूण सोलायची. लसूण मी तिथेच सोलते, पहिल्यापासून.

एकदा सून तिला आमच्याकडे घेऊन आली, घरात कुठे कुठे वीज वाया जाते ते दाखवायला. माझ्या घरात, मला न विचारता. धाकटीनं सुनेचा हात धरून बंद सेटटॉप बॉक्सवर ठेवला. "बघ, गरम आहे. बंद असेल तर गरम कसा?" सून अशी बघत राहिली की जणू तिला देवच दिसला.

आता यावर मी काय बोलायचं? तो डबा गरम असतो हे मला केव्हापासून माहीत आहे. थंडीत मी विरजणाचं भांडं त्याच्यावरच ठेवते, कवडी पडलेलं दही लागतं. ज्या दह्याचं सून नेहमी कौतुक करायची ते त्याच उबेवर लागलेलं होतं. पण मी त्या उबेला दही लावायची जागा म्हटलं आणि धाकटीनं तिला विजेची गळती म्हटलं, म्हणून हुशार ती ठरली. त्या दिवसापासून डबा बंद व्हायला लागला आणि माझं विरजण कणकेच्या डब्यात गेलं.

मग मायक्रोवेव्हवरचं हिरवं घड्याळ गेलं. मी त्यावर कुकरची वेळ बघायची. चार्जर भिंतीवरून उतरले, वॉशिंग मशीनची पिन निघाली. आमचे हेसुद्धा तिच्या बाजूला. जन्म मकरपुऱ्याच्या कारखान्यात गेलेला, बिल कमी आलं तसे मला म्हणतात, "तिच्याकडून शिक जरा." चाळीस वर्षं मी खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करत आले, तेव्हा हे म्हणायचे, कंजूस आहेस.

पाडव्याच्या आधी सुरतेला एक लग्न होतं. सुनेच्या माहेरची माणसं पाडव्याला पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येणार होती. श्रीखंड घरचंच करायचं, मी ठरवलेलं. चक्का बांधून, निथळून फ्रिजमध्ये ठेवला आणि आम्ही सगळे दोन दिवसांसाठी सुरतेला गेलो. किल्ली धाकटीकडे होती, तुळशीला पाणी घालायला.

परत आलो तर घरात आंबूस वास. फ्रिज उघडला, आत अंधार. फ्रिजचा नेहमीचा प्लग सैल झाला होता म्हणून यांनी तात्पुरती त्याची पिन वाणाच्या बोर्डात खोचली होती, आणि बोर्डाचं बटण बंद होतं. आमच्यापैकी कुणी केलेलं नव्हतं, निघताना मी स्वतः लाल दिवा बघितला होता. मग राहिलं कोण?

खरं सांगू? चक्क्याचं वाईट वाटायच्या आधी मला आनंद झाला. मी चक्क्याचं पातेलं ओट्यावर ठेवलं, पदर खोचला आणि म्हटलं, आता होऊन जाऊ दे. बाहेरच्या खोलीत आले, तर माझं तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, "आई, माझीच चूक. मीच काकूंना फोन करून सगळं बंद करायला सांगितलं होतं."

तेवढ्यात धाकटी दारात आली, आमच्या रिक्षाचा आवाज ऐकून. वास तिलाही आला असणार. तिनं फ्रिजकडे बघितलं, बोर्डाकडे बघितलं आणि चेहरा उतरला.

"वहिनी, माझ्याकडून झालं. लाल दिवा दिसला आणि हात गेला. पिन कुणाची ते बघितलंच नाही."

म्हणजे फोनबिन काही झाला नव्हता. सून साफ खोटं बोलली होती, तिला वाचवायला. माझ्या हातून असं काही झालं असतं तर ही पोर माझ्यासाठी खोटं बोलली असती का? मी जे जे बोलणार होते ते सगळं विसरले. "असू दे," एवढंच म्हटलं. मोठेपणा म्हणून नाही, दुसरं काही सुचलंच नाही म्हणून.

धाकटी लगेच म्हणाली, मी डेअरीतून श्रीखंड आणते, चांगलं असतं. बडोद्यात निम्मी घरं आणतातच. सून ओट्याशी गेली, चक्क्यात बोट बुडवून चाखलं, डोळे बारीक केले आणि माझ्याकडे वळली. "आई, आंबट झालाय, पण बिघडला नाहीये. याचं काय करता येईल?"

माझ्याकडे वळली. धाकटी तिच्या शेजारी उभी असताना.

मी म्हटलं, कढी. पाडव्याला पुरणपोळी करू, जोडीला कढी. चक्का पाणी घालून घुसळायला तिला बसवलं, आलं किती, गूळ किती, उकळी फुटू द्यायची नाही, ढवळणं सोडायचं नाही, सगळं सांगत गेले. ती ऐकत होती, विचारत होती. पाहुण्यांच्या आधी अंदाज यावा म्हणून थोडीच केली होती. धाकटी बाजूला बसून कोथिंबीर निवडत होती आणि मग हळूच उठून घरी गेली.

कढी झाली. सुनेनं चव घेतली, मान डोलावली. मी पाटावर बसले होते, आता मला वाढेल म्हणून. तिनं वाटी भरली, वर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "काकू बिचाऱ्या खट्टू होऊन गेल्या. आधी त्यांना देऊन येते."

गेली. भिंतीपलीकडून आधी धाकटीचा रडवेला आवाज आला, मग दोघींचं हसणं. मी उठले आणि माझी वाटी माझ्या हातानं भरून घेतली. चांगली झाली होती. गूळ जरा जास्त पडला होता, पण ते मी तिला सांगितलं नाही.