घासून गेलेला नंबर

माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांना पणजोबांचं नाव विचारा, अडखळतील. पण त्यांच्या मोटारसायकलच्या कंपनीचा इतिहास त्यांना तोंडपाठ. इंग्लंडातली इवलीशी कंपनी, दोघं भाऊ, एक पत्र्याची शेड, अन् बनवायच्या नुसत्या शर्यतीच्या गाड्या. शर्यती जिंकल्या, पण पैसा टिकला नाही अन् शेडला कुलूप लागलं. त्यातली एक गाडी जालन्याच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्यानं हौसेनं मागवलेली, ती पुढं अण्णांनी घेतली. जालन्यातच, मस्तगडातल्या आमच्या घरी ती बैठकीत उभी असते. पाहुण्यांना जागा नसली तरी चालतं.

मी तिचा फोटो फेसबुकवर टाकला होता. तो पाहून इंग्लंडातल्या एका गृहस्थाचा ईमेल आला. तो त्या कंपनीचा इतिहास लिहीत होता. टिकून राहिलेल्या प्रत्येक गाडीची पुस्तकात नोंद होणार होती, फक्त इंजिनावर ठोकलेला नंबर कळवायचा होता. अण्णा ऐंशीच्या पुढचे. "जल्दी कर," म्हणाले, "मी हाय तोवर छापून येऊ दे." अख्ख्या गल्लीनं त्या गाडीला जन्मभर भंगार म्हटलेलं. अण्णांना ते पान गल्लीला दाखवायचं होतं.

मी टॉर्च घेऊन खाली वाकलो. नंबराच्या जागी मला माझंच तोंड दिसलं.

दर दसऱ्याला गाडीची पूजा, अन् पूजेआधी इंजिन घासायचं काम लहानपणापासून माझं. आधी पॉलिश पेपर, मंग चिंच. अण्णा मागं उभे राहून म्हणायचे, "अजून घास, काळं दिसून राह्यलं." ते काळं म्हणजे आकड्यांत बसलेली काजळी होती. आम्ही दोघांनी मिळून भक्तिभावानं नंबर पुसून टाकला होता.

गृहस्थानं नम्रपणे कळवलं, नंबराशिवाय नोंद नाही. मला त्याचा राग आला, त्याहून स्वतःचा. पन्नाशीचा माणूस मी, पण रडू आलं. अण्णा एवढंच म्हणाले, "जाऊ दे. देवाची मूर्ती बी झिजतीच की."

यंदा दसऱ्याला मी नुसतं मऊ फडकं घेऊन बसलो. अण्णांनी पॉलिश पेपर पुढं केला.

"आता काय जायचं राह्यलंय? घास बराबर."

मी घासायला लागलो. थोड्या वेळानं मान वर केली, तर अण्णांचा हात टाकीवर होता. कंपनीच्या नावाची पुसट सोनेरी अक्षरं त्यांनी तळव्याखाली झाकून धरली होती.