आई गप हाय

ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे निबंध तपासले, त्याने साठीनंतर वर्तमानपत्रात लिहू धजावे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. दत्तोबांविषयी लिहिण्याचा अधिकार तर मला सर्वांत कमी आहे... का, ते पुढे येईलच.

दीड महिन्यापूर्वी सायकल पंक्चर झाली म्हणून शिवाजी पेठेतल्या त्यांच्या दुकानी गेलो, तर फळ्या लावलेल्या. शेजारचा पानवाला म्हणाला, "सर, तुमास्नी कळलं न्हाय व्हय? काल गेलं की दत्तोबा." सायकल तशीच ढकलत मी घरी आणली.

दत्तोबा सायकली दुरुस्त करीत आणि पेठेच्या फुटबॉल सामन्यांचे वर्णन पत्र्याच्या कर्ण्यातून करीत. तो आवाज सगळ्या मैदानाला पुरे. म्हणूनच, सत्तरच्या दशकात आमच्या चित्रपट मंडळाकडे एका अभिजात रशियन नाटकावरचा चित्रपट आला आणि त्याखाली इंग्रजी ओळीही नाहीत असे कळले, तेव्हा पडद्याशेजारी बसून मराठी संवाद वाचण्यासाठी मी त्यांचेच नाव सुचवले. भाषांतर माझे, मूळ नाटकाच्या इंग्रजी प्रतीवरून महिनाभर बसून केलेले. आदल्या दिवशी चित्रपट लावून कागद ताडून पाहण्याची सोय होती. चिटणीसांनी विचारले, तेव्हा "ताडले आहेत" असे मी सांगितले. ताडले नव्हते. अभिजात नाटकातला शब्द पडद्यावर कोण बदलणार, असा माझा समज होता.

दोन अंक जमले. तिसऱ्यात मुलगा घर सोडून जातो आणि आई सलग दोन पाने बोलते... नाटकात. पडद्यावरची आई मात्र काही बोलेना. दिग्दर्शकाने ते सारे स्वगतच काढून टाकले होते. बाई नुसती मुलाच्या जुन्या कोटाची घडी घालत होती, आणि तिच्या मिटलेल्या ओठांवर दत्तोबांच्या तोंडून माझी आलंकारिक वाक्ये पडत होती. प्रेक्षकांत चुळबुळ सुरू झाली. "सर, बाई बोलंना की," ध्वनिक्षेपकावर हात ठेवून ते कुजबुजले. मी पाने उलटीत राहिलो. घामाने ती बोटांना चिकटत होती. मागून शिट्टी आली. मग दत्तोबांनी कागद मांडीवर पालथे ठेवले आणि चेंडूवर नजर ठेवावी तशी पडद्यावर नजर ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, "आई गप हाय... कोटाची घडी घालतीया... दाराकडं बघंना झालीया."

सभागृहात हशा उसळला. त्या चित्रपटाचे तेवढेच खरे भाषांतर झाले होते, हे मला फार उशिरा कळले.

नंतर अध्यक्ष सर्वांदेखत कडाडले, "दत्तोबा, हे काय फुटबॉलचं मैदान वाटलं तुम्हाला?" दत्तोबांनी एकदाच माझ्याकडे पाहिले. "चुकलं साहेब. कागदावरली वळ सुटली माझी." मी शेजारीच उभा होतो, कागद जुळवीत.

पुढे पेठेत लोक हाळी देत, "काय दत्तोबा, आई बोलली का?" ते हसत. पण पुढच्या मोसमात त्यांनी कर्णा हाती घेतला नाही, आणि त्यानंतरही कधी नाही. माझी सायकल मात्र पूर्वीसारखीच दुरुस्त करून देत राहिले.

तेराव्यानंतर मी दत्तोबांच्या पत्नीला भेटायला गेलो. कर्णा दुकानातल्या खिळ्यावरच होता, तोंडाला फडके बांधलेला. वहिनी म्हणाल्या, "त्या रशियाच्या शिनेमात ह्यांचं चुकलं, सर. तवापास्नं खाली काढलाच न्हाय." मी चहा संपवला आणि उठलो.

वहिनी रोज हेच वर्तमानपत्र वाचतात. मी आधी जाऊन त्यांना सांगावे, की हे छापलेलेच त्यांच्या हाती पडू द्यावे?