मळलेल्या अक्षता

आमचे हे, म्हणजे पंचवटीतले वेणीमाधवशास्त्री, आयुष्यभर लोकांना काही ना काही सोडायला लावत आले. काशी करून आलेला यजमान गंगापूजनाला बसला की यांचा प्रश्न ठरलेला, "काय सोडलंत?" यजमान सांगणार, "कारलं." नाहीतर पडवळ. खरं तर आवडीचं सोडायचं असतं, पण कारल्यावर भागत असेल तर आंबा कोण सोडेल? हे "उत्तम, उत्तम" म्हणत दक्षिणा घ्यायचे. यांच्या खिशात मात्र तंबाखूची पुडी, कातरलेली सुपारी आणि चुन्याची डबी. ती कुठल्याच तीर्थावर सुटली नाही.

मी इंदिरा, यांची बायको. लग्न करून आले तेव्हा ती पुडी माझ्या आधीच घरात नांदत होती. सवतच म्हणा ना.

मागच्या दिवाळीत यांना लाडू चावता येईना. आमची वल्लरी दातांची डॉक्टर आहे, गंगापूर रोडला तिचा दवाखाना आहे. तिने यांना खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "बाबा, आ करा. तीन बोटं उभी घाला." दोन गेली, तिसरं काही जाईना.

"गालाची आतली कातडी आखडत चालली आहे," ती म्हणाली. "आखडलेलं सगळं परत सुटणार नाही. पण तंबाखू-सुपारी थांबली नाही तर तोंड मिटत जाईल. कॅन्सरची भीती आहे ती वेगळीच."

"मिटत जाईल म्हणजे? मग मी मंत्र कसे म्हणू?"

"नाहीच म्हणता येणार."

यांचा चेहरा पांढराफटक पडला. शास्त्र्याचं तोंड बंद झालं तर उरलं काय?

हे म्हणाले, "सोडतो. त्यात काय एवढं!" वल्लरी हसली. म्हणाली, मेंदूत बक्षीस वाटणारी एक जागा असते. चुन्याची डबी वाजली, अंगठा तळहातावर फिरायला लागला, की तिथे डोपामिन सुटायला लागतं. तंबाखू तोंडात पडायच्या आधीच. वर्षानुवर्षं हे चाललं की तिला तेवढ्याने भागत नाही, आणि साध्यासुध्या गोष्टी अळणी वाटायला लागतात.

"म्हणजे तुमच्यासारखंच की," मी यांना म्हटलं. "विधी व्हायचाय, दक्षिणा आधी खिशात."

हसले सगळे, पण मला आतून लागलं. इतकी वर्षं माझ्या पुरणपोळीला "बरी आहे" म्हणायचे. मला वाटायचं, माझ्याच हाताला चव नाही. मेली ती पुडी!

यांनी पुडी कचऱ्यात टाकली. मग काय विचारता! वरणात मीठ जास्त, पंखा हळू, शेजाऱ्याचं कुत्रं नास्तिक. सगळ्यांवर डाफरणं सुरू. आणि अशातच चांदवडचं एक कांदा-व्यापारी कुटुंब गंगापूजनाला आमच्या घरी आलं. यांनी डाव्या हातात अक्षता घेतल्या आणि बजावलं, "मी करतो तसंच करायचं." मी नैवेद्याचं ताट घेऊन दारात उभी. बघते तर काय, यांचा उजवा अंगठा अक्षतांवर फिरायला लागला. डोळे अर्धे मिटलेले. मळून झालं, वर दोन टाळ्या, फुंकर, आणि चिमूट थेट खालच्या ओठात!

पाठोपाठ सगळ्या कुटुंबाने अक्षता मळल्या, टाळ्या वाजवल्या, फुंकर मारली आणि ओठात ठेवल्या. यजमानीणबाई हात जोडून म्हणाल्या, "काशीला हा विधी राहूनच गेला होता, गुरुजी." मी ताट ठेवलं, स्वयंपाकघरात पळाले आणि पदर तोंडात कोंबून हसले.

मंडळी गेल्यावर बाहेर आले, तर हे पाटावर बसून रडत होते. "अगं, मंत्र माझ्या तोंडात होता," म्हणाले, "आणि हात भलतंच करत होता." माझं हसू कुठल्या कुठे पळालं.

थोड्या वेळाने यांनी डोळे पुसले, उजव्या तळहातावर पळीने पाणी घेतलं आणि संकल्प सुरू केला. "अद्य... तमाखुत्यागं यथाशक्ति करिष्ये."

"थांबा!" मी ओरडले. "यथाशक्ति? म्हणजे झेपेल तेवढंच? इतकी वर्षं शास्त्र्याच्या घरात काढली आहेत मी. ही पळवाट माझ्यापुढे चालायची नाही. काढा तो शब्द."

यांच्या बोटांमधून पाणी गळून गेलं.

"काढला तर खोटं ठरेल गं," शेवटी म्हणाले. "जन्माचं मला बोलवत नाही."

"जन्माचं कोण मागतंय? पहिला शब्द काय म्हणालात?"

"अद्य."

"म्हणजे?"

"आज."

"मग आजचंच बोला. उद्या पुन्हा पाणी घालीन मी."

तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी आमचा हा कार्यक्रम असतो. दोनदा मोडला. दोन्ही वेळा मी वाट्टेल ते बोलले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पळी घेऊन बसले. तिसरं बोट अजून जात नाही, पण दोन जातात तेवढी जातात.

यजमानाच्या संकल्पाला बायकोने त्याच्या हाताला हात लावायचा असतो. हे आयुष्यभर दुसऱ्यांच्या बायकांना सांगत आले, "हात लावा हो." मला सांगायची वेळ कधी आलीच नव्हती. आज सकाळी पाणी घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हात लाव."

मी लावला. यांचा अंगठा माझ्या बोटांखाली अजून मळतच होता. मी तो घट्ट धरला आणि म्हटलं, "हं, म्हणा. अद्य."