कडेची वर्षं

मी क्वालिटीत आहे. म्हणजे चाकणच्या एका कंपनीत दुसऱ्यांनी केलेल्या मालात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. घरी माझ्यात खोट काढणारे बरेच आहेत, तेही बिनपगारी. त्यात सगळ्यात पुढे लेक. ती झाडांच्या लाकडाचा अभ्यास करते असं तिने सांगितलं, तेव्हा "म्हणजे सुतारकामच ना?" असं मी विचारलं होतं. रावेतच्या आमच्या घरात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर हे ऐकावं लागतं.

चाकणच्या पुढे आमचं गाव. आता गाव म्हणजे दोन गोदामांच्या मधे उरलेली जागा. तिथल्या बांधावर वडिलांनी लावलेला साग होता. गोदामाच्या रस्त्यासाठी बांध गेला, साग तोडला. बाकी ओंडके वखारीत गेले, पण लेकीने बुंध्याची एक चकती कापून घेतली, सालीसकट. जेवणाच्या ताटाहून मोठी, वाकडीतिकडी.

"पाऊस आला की साग आधी मोठ्या छिद्रांचं लाकूड करतो, पाणी वर न्यायला," तिने मला दाखवलं. "नंतर बारीक छिद्रांचं. मग पानं गाळून झोपतो. एवढं मिळून एक वलय, एक वर्ष. पाणी कमी पडलं की वलय अरुंद."

"आणि तुला शोधायचंय काय?"

"कंपन्या आल्यावर इथला ओढा बुजला, विहिरी आटल्या. ते या सागाला कधी जाणवलं, ते. सगळ्यात बाहेरचं वलय यंदाचं. तिथून एकेक वर्ष मागे यायचं."

ओली चकती घाईने वाळवली तर तडकते. आमच्या बाल्कनीत दुपारभर ऊन, म्हणून ती चिंचवडला दादाच्या शेडमध्ये ठेवली. दादा माझा थोरला भाऊ. उभा जन्म कारखान्यात लेथवर लोखंड कातण्यात गेला, रिटायर झाल्यावरही एक जुनं मोठं लेथ घेऊन बसलाय. त्याने केलेल्या पार्टवरून बोट फिरवा, कुठे काही टोचणार नाही. खडबडीत कडेचा माल त्याच्या दारातून बाहेर पडत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. चकती तिथे ठेवताना मात्र आठवलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर दादाने मला फोटो पाठवला. चकती आरशासारखी चमकत होती, ताटासारखी गोल. खाली लिहिलं होतं, 'पोरीला सांगू नको, सरप्राइज.' मी फोटो मोठा करून पाहिला आणि उत्तर पाठवलं, 'एक नंबर! पास!' घरच्या मालाचं मी केलेलं ते एकमेव इन्स्पेक्शन.

पाडव्याला आम्ही गेलो. चकती स्वच्छ पंच्याखाली झाकून ठेवली होती. वहिनी चकल्यांची ताटली घेऊन उभ्या.

"काढ पंचा," दादा म्हणाला.

लेकीने काढला. तिचं बोट आधी कडेवर गेलं. एक फेरी झाली, मग दुसरी.

"कसं झालंय?"

"खूप सुंदर झालंय, काका."

"अगं, किती बेढब व्हतं ते! साल गळत व्हती. असलं घिऊन कालेजात जायचं व्हय? लेथला लावलं आन् गोल केलं. कडंचं पांढरं लाकूड वाळवी खाती, तेबी समदं काढलं." मग तो तिच्या शेजारी वाकला. "आता दाव, मी कामाला लागलो ते वर्ष कुठं हाय?"

तिचं बोट कडेवरच थांबलं. मला शांतता सोसत नाही. "दादा, तू कामाला लागलास त्या वर्षी झाडाने धसक्याने सुट्टी घेतली असेल," मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

"असेल इथेच कुठेतरी," लेक हळू म्हणाली. "पण कडेची वर्षं गेली ना, काका. कुठून मोजायचं तेच आता कळत नाही. शेजारच्या दुसऱ्या सागाच्या वलयांशी जुळवता आलं असतं."

"मग आणा की दुसरा," वहिनी म्हणाल्या.

"बांधच नाही राहिला, काकू."

दादाने चकतीकडे पाहिलं, मग वहिनींकडे. "भुसा हाय ना पोत्यात?"

"तो बंबात घातला. आज अभ्यंगाचं पाणी त्यावरच तापलं."

दादाचा अंगठा कडेवरून फिरत राहिला. इतकी वर्षं त्याचा अंगठा असाच चूक शोधायला फिरायचा. कडेला कुठेच काही लागत नव्हतं.

लेकीने चकती घरी आणली, टेबलावर ठेवली. येणारे हात फिरवून म्हणतात, काय फिनिशिंग आहे हो! मी मान डोलावतो. फोटोकडे मी नीट पाहिलं असतं, तरी उशीर झालेलाच होता. पण निदान 'पास' म्हणालो नसतो.

आता रस्त्याकडेला झाड पडलं की दादाचा मला फोन येतो. क्वालिटीवाला म्हणून मी त्याचा 'सायेब'. "सायेब, पोरीला सांगा, ओंडका ठिवलाय. सालीसकट. हात लावला न्हाई." परवा गुलमोहर होता, त्याआधी सुबाभूळ. त्यांच्यात सागासारखी वाचता येतील अशी वलयं नसतात. हे लेकीने त्याला सांगितलेलं नाही, मीही नाही. ती जाते, चहा पिते, भिंग लावून बघते आणि "ठेवा, काका," म्हणते.

शेडमध्ये सरळ चालायला जागा उरलेली नाही. साल निघेल म्हणून दादा ओंडक्यांना वळसा घालून लेथपर्यंत जातो.