तांत्रिकाच्या घरची खीर

आमच्या मजल्यावरच्या काकूंना मी माफ केलेलं नाही. तुझे बाबा गेले, आता सोडून दे, असं लोक मला सांगतात. सांगोत बापडे.

बाबा साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचे आणि घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत देवीची पूजा करायचे. गुरूकडून दीक्षा घेतलेली, लाल सोवळं, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं यंत्र, रोजचा जप. तांत्रिक म्हणजे कोण, असं मी लहानपणी विचारलं होतं. ते म्हणाले, "तंत्र म्हणजे गुरून दिलेली रीत गो. ती पाळता तो तांत्रिक. पण समोर इलेल्या बाईत देवी दिसाक व्हयी. नाय दिसली तर सगळा फुकट."

नवरात्रात अष्टमीला ते बिल्डिंगमधल्या लहान मुलींना बोलवायचे, पाटावर बसवून त्यांचे पाय धुवायचे, खीर वाढायचे. पुढे काकूंच्या सुनेचं मूल पोटातच गेलं, आणि काकूंना बाबांचं लाल सोवळं आठवलं. "तांत्रिक आहे तो, करणी करतो," असं त्यांनी जिन्यात, गच्चीवर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, जमेल तिथे सांगितलं.

त्या अष्टमीला बाबांनी पाट मांडले आणि एकही मुलगी आली नाही. मी मोठी झाले होते, पाटावर बसवून माझी पूजा करणं रीतीत बसत नव्हतं. दुपारपर्यंत ते दाराकडे बघत बसले. मग रिकाम्या पाटांवर एकेक फूल ठेवून त्यांनी नमस्कार केला. मरेपर्यंत दर वर्षी तसंच केलं. काकू भेटल्या की मात्र आधी हात जोडायचे. माझा तिळपापड व्हायचा.

यंदाच्या अष्टमीला बाबांच्या आठवणीसाठी मी एकच पाट मांडला होता. बेल वाजली. दारात काकू आणि लाल परकरातली त्यांची नात. पोरगी चार वर्षांची झाली तरी बोलत नाही, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे.

"डॉक्टर झाले, सगळं झालं. बाबांची विद्या तुला आली असेल ना गं? तूच काहीतरी कर."

म्हणजे डोक्यात अजून करणीच होती. फक्त आता ती त्यांना हवी होती.

"मला तसलं काही येत नाही. बाबांनाही येत नव्हतं. हिची पूजा करते, तुम्ही बाहेर थांबा."

पोरीला आत घेतलं, पाटावर बसवलं, पाय धुतले, कुंकू लावलं. खीर संपवून तिने वाटी पुन्हा पुढे केली. दार मी मुद्दाम उघडं ठेवलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्यांना बाहेर ताटकळणाऱ्या काकू दिसाव्यात म्हणून.

शेवटी त्यांनी उंबऱ्यापलीकडून हात पुढे केला. "मला पण थोडा प्रसाद दे ना."

"तांत्रिकाच्या घरचा आहे, काकू. कशाला विषाची परीक्षा?"

त्यांनी हात मागे घेतला. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं. पोरीत मला देवी दिसली होती. काकूंमध्ये दिसली नाही, मी बघितलंही नाही. बाबांनी पहिली वाटी त्यांनाच दिली असती. ते तांत्रिक होते. मी नाही.