इंजिनाची चेन आणि माझी खाट

दोरीची खाट आवळण्यात मुलचेऱ्यात माझा हात कोणी धरत नाही. अशी ताणतो की बसलेला पाहुणा टुणकन उडतो! (आमच्याकडे पाहुणे फार थांबत नाहीत.)

म्हणून बाबांची जुनी फटफटी खळखळायला लागली तेव्हा मी लगेच ओळखलं. चेन ढिली! मागच्या चाकाची नाही हो, ती दिसते तरी. ही इंजिनापासून क्लचपर्यंतची, झाकणाआड तेलात बुडालेली. अन् दुसऱ्या दिवशी बाराच्या आत माझ्या बायकोला, सुजाताला, गडचिरोलीच्या आयटीआयमध्ये रुजू व्हायचं होतं, नाहीतर नेमणूक रद्द. ती तिथं मोटार मेकॅनिकचं काम शिकवणार होती.

तुम्हाला वाटेल, मी तिला विचारलं असेल. काऊन विचारू?

मी झाकण उघडलं. आतलं तेल तिच्या कणकेच्या परातीत काढलं.

"अहो, लय ताणू नका," ती दारातून ओरडली. "इंजिन गरम झालं का चेन आणखी आवळते. जिथी सगळ्यात ताठ असंल तिथी बोट लावून पाहा. अर्धा इंच तरी खाली-वर हलली पायजे."

"तू मले नको शिकवू! ढिल्या खाटेवर कोणी झोपते का?"

"खाट गडचिरोलीले जाते का?"

मी रागानं चेन ताणायच्या बोल्टाला आणखी दोन आटे दिले. टिचकी मारली. टण्ण! समाधान झालं.

सकाळी ती एसटीकडे निघाली, तर मी रस्ता अडवला. "घरची गाडी असून एसटीनं? लोक काय म्हणतीन?" तिनं कपाळावर हात मारला अन् मागे बसली.

खळखळ बंद! आता नुसतं कुईंईं.

"ऐकलं? गाऊन राह्यली!"

"रडून राह्यली ते," सुजाता म्हणाली.

जंगलात ते रडणं वाढत गेलं. मागून एसटी आली. कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं. "भाऊ, गाडी काऊन ओरडून राह्यली? बाईले बसवू का?"

"काही गरज नाई! जा तुम्ही!"

एसटी वळणाआड गेली अन् फाट! चेन तुटली. इंजिन बोंबलतंय, गाडी जागेवर!

सुजातानं घड्याळ पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन पोरं सांभाळत, चुलीपाशी पुस्तक धरून तिनं मिळवलेली नोकरी मी दोन आट्यांत घालवली होती.

"पाना द्या," ती म्हणाली. झाकण खोललं, तुटलेली चेन पिशवीत कोंबली अन् धानाच्या पोत्यांची पिकअप हात दाखवून थांबवली.

"अन् मी?"

"इथीच राहा. कोणी पाहुणा आला तर बसवा!"

पोत्यांवर बसून ती गेली. बाराला दहा कमी असताना तिनं सही केली.

ती चेन आज तिच्या वर्गात खिळ्याला टांगलेली आहे. खाली पाटी: 'असे करू नये.' पोरं-पोरी दरवर्षी वहीत उतरवून घेतात. हसा, खुशाल हसा! पण आमच्या अख्ख्या घराण्यात ज्याचं काम सरकारी वर्गात शिकवलं जातं, असा माणूस मी एकटाच आहे!